एक पाय हवेत

गोव्यातल्या एका किनाऱ्यावर जानेवारीतल्या दुपारी मी पहिल्यांदा हॉबी १६ वर बसलो. बसलो म्हणायचं एवढंच, कारण बसायला जागा अशी तिथं नव्हतीच. केळ्यासारखी बाक आलेली दोन निमुळती होडकी, त्यांना जोडणारी अॅल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, चौकटीत बाजेसारखं ताणून बांधलेलं जाड कापड, आणि त्यावर खालच्या ऐवजाच्या मानाने भलतंच मोठं शीड. शिकवणारा मुलगा पंचविशीचा होता. पोहता येतं का, हे त्याने पैसे घेण्याआधीच विचारलं होतं. आता माझ्या कमरेला पट्टा आवळत तो म्हणाला, “काका, चष्म्याला दोरी बांधा. मोबाइल आणला नाहीत ना?”

दोनच्या सुमारास खारा वारा चांगला सुटला. तोवर आम्ही निवांत चाललो होतो. वारा भरला तशी माझ्या बाजूची होडी पाण्यातून अलगद उचलली गेली. धक्का नाही, आवाज नाही. शेजारचा माणूस उठला की बाक हलका होतो, तसं काहीसं. “काका, आता बाहेर लटका!” डोलकाठीवरून आलेल्या तारेला कमरेचा आकडा अडकवून, पाय होडीच्या कडेला टेकवून मी पाठीवर पाण्यावर आडवा झालो. खालून सुकाणूचं पातं गुणगुणत होतं, एकाच सुरात. वेग वाढला की सूर चढायचा. पाठीखाली हातभर अंतरावर समुद्र मागे पळत होता. दोनेक मिनिटं हे चाललं असेल. इतक्या वेळात मी आयुष्यातल्या यच्चयावत वाहनांवरची श्रद्धा सोडून दिली होती.

मग वाऱ्याचा एक झोत आला. वाऱ्याखालच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेच्या पाठीत घुसली. नौका थांबली, मी थांबलो नाही. तारेला टांगलेला मी डोलकाठीला प्रदक्षिणा घालून पुढच्या पाण्यात जाऊन पडलो. वर आलो तेव्हा सगळं शांत होतं. शीड पाण्यावर पसरलेलं, दोन्ही होड्या एकीवर एक उभ्या. मुलगा शिडाच्या कडेला तरंगत होता. “बरे आहात ना काका? दोरीला हात लावू नका, मी सांगेन तेव्हाच ओढायची.” नौकेचं तोंड वाऱ्याच्या अंगाने फिरवून, खालच्या होडीवर उभं राहून, एका जाड दोरीला दोघांनी मागे रेलून लटकायचं. शिडाखाली वारा शिरला की ती आपोआप उठते. दोघांचं मिळून वजन पुरेसं हवं, म्हणून एकट्या सडपातळ माणसाला ही नौका सहसा देत नाहीत.

जिच्यामुळे ती दोन मिनिटं मिळाली आणि जिच्यामुळे ती बुडी मिळाली, ती गोष्ट एकच. या नौकेला वजन नाही.

जत्रेतल्या शर्यतीचा छकडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. उसाची गाडी आणि शर्यतीचा छकडा, दोन्हींना बैल तेच जुंपता येतील. छकड्यावर फक्त हाकणारा असतो आणि त्यालाही धड बसायला मिळत नाही. आता आकड्यांत बघू. जगभरच्या क्लबांमध्ये दिसणारी जे-२४ ही एक नावाजलेली शर्यतीची शिडाची नौका. लांबी २४ फूट, वजन साधारण १,४०० किलो, आणि त्यातलं ४३० किलो नुसतं शिसं, तळाखालच्या पात्यात भरलेलं. त्या पात्याला कील म्हणतात. शिडं साधारण २४ चौरस मीटर. हॉबी १६ ची शिडं २० चौरस मीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. आणि वजन? १४५ किलो. मोटारसायकलीएवढं. दोन माणसं धरली तरी तीनशेच्या आत.

मग शिसं नसताना ती उभी कशी राहते? रुंदीवर. वाऱ्याकडची होडी उचलली गेली की नौकेचं आणि माणसांचं वजन वाऱ्याखालच्या होडीपासून दूर, तरफेच्या लांब टोकाला येतं. हॉबी १६ ची रुंदी २.४ मीटर. नौकेचं वजन मध्यावर धरलं तर त्याला जेमतेम एक मीटरचा टेकू मिळतो. बाहेर लटकलेल्या दोघांचं वजन मात्र तीन मीटरहून दूर असतं. गुणाकार करून बघा. नौका उलटू न देणाऱ्या जोरातला तीन चतुर्थांश भाग माणसांचाच निघतो. म्हणजे जे-२४ मध्ये जे काम शिसं करतं, ते इथं तुम्ही करता, आणि शिशासारखं पाण्याखाली लोंबकळून वेग न खाता करता. त्या दिवशी मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर मी जेवणात आणखी दोन पोळ्या खाल्ल्या असत्या.

ही युक्ती आपल्या कोकणाला अगदी परकी नाही. रत्नागिरी-मालवणापासून गोवा-कारवारपर्यंतच्या छोट्या मच्छीमार होड्यांना एका बाजूला दोन दांड्यांच्या टोकांना लाकडाचा लांब ओंडका बांधलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. अरुंद होडी एकटी असेल तर कलंडेल. उलांडी लावली की एका बाजूने तिचं वजन आणि दुसऱ्या बाजूने तिचं तरंगणं, दोन्ही होडीला सावरतात. तळाशी जडपणा घालण्याऐवजी हात पसरायचे, हीच ती कल्पना. प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांनी ती पुढे नेली आणि दोन होड्या शेजारी जोडून हजारो मैलांचे प्रवास केले. गंमत अशी की त्या जोडनौकेला जगाने कॅटामरान हे जे नाव दिलं ते मात्र तिचं नव्हेच. कट्टुमरम हा तमिळ शब्द. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावर ओंडके एकत्र बांधून केलेला तो साधा तराफा, त्याला दोन अंगं नसतात. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्द्याने १६९७ च्या प्रवासवर्णनात हा शब्द इंग्रजीत नेला आणि पुढे तो भलत्याच नौकेला चिकटला.

वेगाचं दुसरं कारण होड्यांच्या निमुळतेपणात आहे. कुठलीही नौका पाणी सारत जाते तेव्हा तिच्या नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढतो तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेएवढी झाली की नौका स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते, आणि पुढे जायचं तर तिला तो चढ चढावा लागतो. जड नौकेला तो चढवत नाही. म्हणून पाण्यालगत २० फूट लांबीच्या वजनदार नौकेचा वेग साधारण ६ नॉटला, म्हणजे ताशी ११ किलोमीटरला, अडतो. लांबीच्या मानाने अगदी अरुंद अंग असेल तर ती लाट उठतेच नाममात्र. सुरी लोण्यातून जाते तशी होडी पाण्यातून जाते आणि तिला अशी वेस राहत नाही. पण एवढी अरुंद होडी एकटी उभी राहू शकत नाही. म्हणून दोन.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. वारा पडलेल्या दिवशी स्कूटर चालवली तरी तोंडावर वारा लागतो, तो आपणच तयार केलेला असतो. वेगवान कॅटामरान हेच करते. ती जितकी जोरात जाते तितका तिच्या शिडाला लागणारा वारा वाढतो आणि समोरून येऊ लागतो. वाढलेल्या वाऱ्याने ती आणखी जोरात जाते. वाऱ्याच्याच पैशावर व्याज घेत राहावं तसं हे चालतं. त्यामुळे अशा नौका वाऱ्याच्या दुप्पट-अडीचपट वेगाने जाऊ शकतात. पाठीवर वारा घेऊन खाली निघालेल्या नौकेवरही माणसाला वारा तोंडावरच लागतो. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला यात काहीतरी लबाडी आहे असं वाटतं.

लबाडी आहे असं न्यूयॉर्कच्या नौकाधारकांनाही वाटलं होतं. २२ जून १८७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं होत होती, त्यानिमित्त शर्यत होती. नथानिएल हेरेशॉफ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा ऱ्होड आयलंडचा अभियंता ‘अमॅरिलिस’ नावाची पंचवीसेक फुटांची जोडनौका घेऊन आला. त्याने भारी भारी नौकांना मागे टाकून शर्यत मारली. लगेच तक्रारी झाल्या. ही नौकाच नाही, असं ठरलं आणि बक्षीस दुसऱ्याला गेलं. पुढे कितीतरी वर्षं असल्या नौकांना प्रतिष्ठित शर्यतींचं दार बंद राहिलं. हेरेशॉफ शहाणा माणूस. त्याने आपली बुद्धी मग वजनदार, कीलवाल्या नौकांकडे वळवली. १८९३ पासून १९२० पर्यंत ‘अमेरिका कप’ या शर्यतीचा चषक राखणारी प्रत्येक नौका त्याच्याच कागदावरून उतरली. मला नेहमी वाटतं, त्याला पहिल्याच दिवशी बाहेर काढलं नसतं तर गेल्या दीडशे वर्षांतला नौकांचा इतिहास वेगळाच लिहिला गेला असता. पण काढणाऱ्यांचंही पूर्ण चुकलं होतं असं म्हणवत नाही. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १६६२ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ म्हणून जास्त ओळखला जाणारा विल्यम पेटी डब्लिनमध्ये अशीच जोडनौका बांधून स्थानिक नौकांना हरवत होता. त्याची एक मोठी जोडनौका, ‘एक्सपेरिमेंट’, १६६५ मध्ये वादळात माणसांसकट गेली.

तेव्हा आता दुसऱ्या बाजूकडे.

कीलवाली नौका झुकते तसं खालचं शिसं बाजूला सरकतं आणि तिला परत ओढतं. जास्त झुकली की जास्त ओढतं. पार आडवी झाली तरी शिसं आपलं काम सोडत नाही. ती शिडाला पाणी लावून पुन्हा उठते, चिडलेल्या म्हशीसारखी, पण उठते. कॅटामरानचं उलटं. तिचा सगळ्यात मोठा जोर सुरुवातीलाच असतो, वाऱ्याकडची होडी पाणी सोडते त्या क्षणी, दहाएक अंशांच्या झुकावाला. त्यापुढे होडी जितकी वर जाते तितका वजनाचा टेकू आत सरकत जातो आणि जोर कमी होत जातो. म्हणजे सगळ्यात वेगवान, सगळ्यात आनंदाचा क्षण आणि उतरणीची सुरुवात, हे दोन्ही एकाच जागी आहेत. पूर्ण उलटी झाली की ती पुन्हा घट्ट स्थिर असते. दोन्ही होड्या वर आणि डोलकाठी खाली. टेबल उलटं ठेवलं तर ते काही आपणहून उठत नाही.

शिवाय ती सांगत नाही. मोनोहल, म्हणजे एका अंगाची नौका, वारा जास्त झाला की झुकून, कुरकुरून, चहाचे कप खाली पाडून कळवते. कॅटामरान सपाट राहते, सपाट राहते आणि मग राहत नाही. म्हणून दूरच्या प्रवासाला कॅटामरान नेणारे मुरलेले लोक शीड लहान करण्याचा निर्णय अंगाला काय वाटतं यावर घेत नाहीत. वाऱ्याचा मीटर बघतात. तोही सरासरी वाऱ्याचा नव्हे, येणाऱ्या सगळ्यात जोरदार झोताचा आकडा धरून.

सगळ्यात वाईट वळण म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडून खाली वळण्याचं. वाऱ्याला छेद देत वर जाणारी नौका जेव्हा वारा पाठीवर घ्यायला वळते, तेव्हा मध्ये एक असा टप्पा येतो की शीड पूर्ण ताकदीने नौकेला पुढे ढकलत असतं आणि ती ताकद वर, डोलकाठीवर लागत असते. खाली पाणी धरून ठेवतं, वर वारा लोटतो. परिणाम एकच, नाळ खाली. शीड सैल करून भागत नाही, मागे फिरायला तर त्याहून उशीर झालेला असतो. या पट्ट्याला नौकांच्या जगात सरळ मृत्यूचा पट्टा म्हणतात.

१६ ऑक्टोबर २०१२ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत ओरॅकल संघाची नवी कोरी नौका याच वळणावर होती. ‘अमेरिका कप’ तेव्हा कॅटामरानवर होणार होता, आणि नौकांचा वर्ग होता एसी-७२. लांबी २२ मीटर, रुंदी १४ मीटर, वजन साधारण सहा टन. शिडाऐवजी विमानाच्या पंखासारखा ताठ पंख, ४० मीटर उंच, म्हणजे बारा-तेरा मजल्यांएवढा. नौका खाली वळली, दोन्ही नाळा पाण्यात गेल्या, मागचा भाग हवेत उठला आणि ती कोलांटी खाऊन पडली. माणसं वाचली. पण ओहोटी लागली होती, आणि त्या खाडीची ओहोटी साधी नसते. तुटत चाललेल्या पंखासकट ती नौका गोल्डन गेट पुलाखालून खुल्या समुद्रात ओढली गेली. मध्यरात्र उलटल्यावर ती परत आणली तेव्हा पंखाच्या जागी चिंध्या आणि काड्या उरल्या होत्या.

सात महिन्यांनी, ९ मे २०१३ ला, स्वीडनच्या आर्टेमिस संघाची नौका त्याच खाडीत सरावात खाली वळताना मोडली आणि उलटली. तिच्या अवशेषांखाली अँड्र्यू सिम्प्सन अडकला. बीजिंग ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, वय ३६, मित्रमंडळींत ‘बार्ट’. त्याला बाहेर काढेपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर नियम बदलले. किती वाऱ्यापर्यंत शर्यत घ्यायची ही मर्यादा ३३ नॉटवरून २३ नॉटवर आणली, खलाशांना चिलखतासारखं कवच आणि श्वासासाठी हवेची छोटी नळकांडी सक्तीची झाली. हवेची नळकांडी घेऊन शिडाच्या नौकेवर चढायचं. हेरेशॉफला हे सांगितलं असतं तर त्याने काय तोंड केलं असतं कोण जाणे.

आणि तरीही त्या उन्हाळ्यात जे दिसलं ते पाहिलेला माणूस ते विसरणं कठीण. न्यूझीलंडच्या संघाने नियमांच्या फटीतून एक गोष्ट काढली होती. प्रत्येक होडीतून पाण्यात जाणारं पातं त्यांनी खाली इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखं वळवलं. पाणी हवेच्या आठशेपट घट्ट असतं, त्यामुळे जेवणाच्या टेबलाएवढं पातंसुद्धा पुरेशा वेगात सहा टन उचलतं. दोन्ही होड्या पाण्याबाहेर आल्या. नियम करणाऱ्यांना अभिप्रेत होती वेगवान नौका, त्यांना मिळाला पाण्याला टेकलेला पक्षी. वेग ४० नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरहून जास्त. तोही इंजिनाशिवाय, वीसेक नॉटच्या वाऱ्यात.

अंतिम सामन्यात आधी नऊ गुण मिळवणारा जिंकणार होता. ओरॅकलला आधीच्या एका स्पर्धेतल्या गैरप्रकाराबद्दल उणे दोनपासून सुरुवात करावी लागली होती. न्यूझीलंडला एकच शर्यत हवी होती आणि गुण होते ८-१. त्याआधीची, आठवी शर्यत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. तोंड वाऱ्यातून फिरवताना न्यूझीलंडच्या नौकेचा पंख वेळेत दुसऱ्या बाजूला वळला नाही आणि ती ४० अंशांच्या पुढे झुकली. वरची होडी आकाशात, माणसं कड्याला चिकटल्यासारखी, आणि ती तिथंच थांबली. पुढे ना मागे. मग सावकाश खाली आली. दोन-तीन सेकंदांचा मामला. पुढे एका दिवशी वारा इतका पडला की न्यूझीलंड पुढे असतानाच ४० मिनिटांची मुदत संपली आणि शर्यत रद्द झाली. ओरॅकलने मग एकामागून एक शर्यती जिंकत २५ सप्टेंबरला ९-८ ने कप राखला. वारा जास्त झाला म्हणून थांबा, वारा कमी पडला म्हणून थांबा. जी नौका इतकी नेमकी असते तिला हवामानही नेमकंच लागतं.

त्या सोहळ्याचा आणखी एक तोटा लोक विसरतात. एवढ्या महागड्या, एवढ्या नाजूक नौका बांधायला आले किती? यजमान सोडून तीन आव्हानवीर. त्यातला आर्टेमिस अपघातामुळे तयार नव्हता. पात्रता फेरीत कित्येक दिवस एकच नौका एकटीच पळाली, शेजारी कोणी नाही, आणि जिंकली. किनाऱ्यावर तिकीट काढून बसलेल्यांना हे समजावून सांगणं सोपं नव्हतं. म्हणून पुढे सुरू झालेल्या सेल-जीपी मालिकेने शहाणपणा केला. २०१९ पासून सगळे संघ सारख्याच, १५ मीटरच्या एफ-५० नौका वापरतात आणि एकमेकांची आकडेवारीही बघू शकतात. २०२२ मध्ये सेंट ट्रोपेझला फ्रान्सच्या संघाने ताशी ९९.९४ किलोमीटर गाठले. शंभरासाठी सहा शतांश कमी पडले, आणि ते सहा शतांश त्या खलाशांना झोपेत छळत असणार. कपातून मात्र कॅटामरान गेली. २०२१ पासून तिथं एकाच अंगाची, पण पात्यांवर उडणारी नौका असते.

हे सगळं अब्जाधीशांचं झालं. सामान्य माणसांपर्यंत ही नौका पोचवली ती वेगळ्याच लोकांनी. इंग्लंडच्या कॅन्वी बेटावरच्या प्राऊट बंधूंनी १९४९ च्या सुमारास दोन कयाक बांबूंच्या मचाणाने जोडून बघितल्या आणि त्यातून पुढे ‘शिअरवॉटर’ आली. कॅलिफोर्नियात सर्फच्या फळ्या करणाऱ्या हॉबी ऑल्टरने वाळूवरून लाटांत ढकलता येईल अशी नौका केली, तीच ती माझी गोव्याची. अशा लाखभर नौका जगभर गेल्या. तिचाही एक कडवट धडा आहे. अॅल्युमिनियमची डोलकाठी घेऊन किनाऱ्यावर ढकलताना ती वरच्या विजेच्या तारांना लागून माणसं दगावली. त्यानंतर डोलकाठीचं वरचं टोक वीज न वाहणाऱ्या फायबरचं करण्यात आलं. ऑलिंपिकमध्ये १९७६ पासून ‘टोर्नेडो’ ही कॅटामरान होती. २००८ नंतर तिला काढलं आणि २०१६ ला पुन्हा ‘नॅक्रा १७’ घेतली, तीही स्त्री-पुरुष जोडीने चालवायची. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही वेळा इटलीचे रुग्गेरो तिता आणि कातेरिना बांती जिंकले.

खरा प्रश्न येतो तो या छकड्याला संसाराची गाडी करू बघणाऱ्यांचा. हलकी, वेगवान कॅटामरान घेऊन जग फिरायचं स्वप्न पाहणारे खूप आहेत आणि त्यांचं चुकतंय असं नाही. ब्रूनो पेरॉनने २००५ मध्ये ‘ऑरेंज २’ वरून ५१ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण तिच्यावर फ्रीज, सोफा आणि पोरांची पुस्तकं नव्हती.

वजनाचा हिशेब इथं घातक होतो. समजा प्रत्येक होडी पाण्यालगत १२ मीटर लांब आणि मध्ये एक मीटर रुंद आहे. टोकं निमुळती, म्हणून पाण्यावरचं क्षेत्रफळ धरू प्रत्येकी आठ चौरस मीटर. दोन्ही मिळून सोळा. ती एक सेंटिमीटर खाली दबायला १६० लिटर पाणी सारावं लागतं, म्हणजे १६० किलो. एक टन सामान चढवलं की सहा सेंटिमीटर. जाडजूड नौकेला हे कळणारही नाही. कॅटामरानमध्ये मात्र सहा सेंटिमीटर म्हणजे पाण्याला घासणारं अंग जास्त, आणि मधल्या मचाणाचा तळ लाटांच्या तेवढा जवळ. मग लाट त्यावर खालून दणका देते. रात्री आत झोपलेल्याला वाटतं कोणीतरी घणाने जमीन फोडतंय. लोक कॅटामरान घेतात तिच्या वेगासाठी आणि पहिल्या वर्षातच पाणी गोड करायचं यंत्र, जास्तीचा नांगर आणि कपडे धुवायचं यंत्र चढवून तो वेग काढून टाकतात. उरते ती फक्त उलटण्याची शक्यता, तीही जड होऊन.

गोव्यात त्या दिवशी किनाऱ्याला परत आल्यावर आम्ही दोघांनी हॉबी वाळूवर ओढली तेव्हा शेजारी उलांडीची होडी होती. तिचा मालक, साठीचा, बराच वेळ आमच्याकडे बघत होता. त्याने हॉबीच्या अंगावर बोटाचं पेर वाजवलं, पोकळ आवाज ऐकला आणि विचारलं, “ह्यात मासळी घालतात कुठं?”

नुसतं हलकं असण्याची हौस मोठ्या समुद्रात महाग पडते, याचं सगळ्यात लख्ख उदाहरण ‘टीम फिलिप्स’. पीट गॉस या ब्रिटिश दर्यावर्द्याची ३६ मीटरहून लांब कॅटामरान, प्रत्येक होडीवर वेगळी डोलकाठी, लाटा चढण्याऐवजी छेदून जाणाऱ्या नाळा. मार्च २००० मध्ये चाचणीतच एक नाळ मोडून गेली. दुरुस्त करून डिसेंबरात ती अटलांटिकमध्ये निघाली आणि वादळात तिचा मधला भाग सैल होऊ लागला. सातही जणांना एका मालवाहू जहाजाने उचललं. नौका तिथंच सोडली.

कॅटामरानच्या बाजूने एक साक्ष मात्र द्यायलाच हवी. शिसं नसल्यामुळे ती उलटते, पण शिसं नसल्यामुळेच ती बुडतही नाही. १९८९ मध्ये न्यूझीलंडजवळ ‘रोझ-नोएल’ ही तीन अंगांची नौका उलटली. तिच्यावरचे चौघे ११९ दिवस उलट्या नौकेच्या पोटात आणि पाठीवर जगले. पावसाचं पाणी साठवून, हाताला येतील ते मासे पकडून ते शेवटी वाहत जाऊन किनाऱ्याला लागले.

आजकालच्या प्रवासी कॅटामरान बघायला गेलात तर विक्रेता तुम्हाला आधी स्वयंपाकघर दाखवतो, मग मोठा पलंग, मग प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर. खाली होडीत उतरलं की पाण्याच्या पातळीलगत आतल्या भिंतीत एक चौकोनी काचेची खिडकी असते. पलीकडे दोन होड्यांच्या मधलं हिरवं पाणी झरझर मागे जाताना दिसतं. बायका-पोरं तिथं रमतात. खिडकीशेजारी कधी कधी एक छोटा हातोडा लावलेला असतो, बसमध्ये असतो तसा. ती खिडकी मुळात खिडकी नाही. नौका उलटल्यावर आतल्यांनी बाहेर पडायचं ते दार आहे.